मालुबाईची विलायतेची शिकवणी

मालुबाई ही माझी पाठची बहीण. सख्खी. हे पैल्यांदाच सांगून ठेवतो, कारण तिला कुणी येडी म्हटलं, कुणी अडाणी म्हटलं, आणि म्हणणारी समदी शिकलीसवरली हुती. त्यांच्या त्या शिकण्याची मला तवा जी शिसारी आली ती अजून गेलेली न्हाय. मी स्वतः मराठी चार यत्ता शिकलो आणि तिथंच थांबलो, कारण पुढं शिकवायला मास्तराजवळच काय उरलं नव्हतं. निपाणीत उतरून कुणालाबी इचारा, आण्णाप्पाची तंबाखूची वखार कुठली म्हणून. आंधळासुदीक वासावर आणून सोडील. असल्या भावाची ती बहीण. तिला परक्याच्या घरच्या सोप्यात बसून उठायची-बसायची शिकवणी घ्यायची येळ यावी?

पर आली.

मालूला दिली मच्छ्याला, बेळगावच्या अंगाला. भाताची शेती, गोठ्यात बैल, दारात शेणानं सारवलेलं खळं. लगीन झालं तवा ती इवलीशी, परकराची गाठ नीट मारता यायची न्हाय. सासू कडक, उठता-बसता चिमटा. सासरा मात्र देवमाणूस. रवळू त्येचं नाव. पोर चुलीम्होरं पेंगायला लागली की त्यो सासूला म्हणायचा, "अगं, निजू दे की त्या पोरीला. भाकरी करपली तर करपकी मी खातो." आणि खायचा बी. काळीकुट्ट भाकरी, वर म्हणायचा, "आज लई खमंग झालीया." मालू हे सांगताना अजून पदर डोळ्याला लावती.

तिला पैलं पोर राहिलं आणि त्यो सासरा शेताच्या बांधावर पान लागून, साप डसून, गेला. पुढं मुलगा झाला. सगळं गाव म्हणालं, म्हातारा परत आला, सुनेच्याच पोटाला आला. आज्ज्याचं नाव नातवाला ठेवलं. घरात रवळू, शाळेच्या पटावर रवळनाथ. मालू तेवढी त्याला 'बाबा' म्हणायची. कधी हात उगारला न्हाय तिनं त्याच्यावर. त्येला वाढताना पदर डोईवर घ्यायची. पोटच्या पोराम्होरं! आमी हसायचो. ती म्हणायची, "हसा तुमी. मला ठावं हाय कोण जेवाय बसलंय ते."

पुढं पटकीची साथ आली, त्यात तिचा मालक, मष्णू, गेला. मालूनं रडणं आवरलं आणि भात लावला. चिखलात उभी राहून तिनं पोरगं बेळगावला शिकवलं, मंग मुंबईला धाडलं. पोरगं हुशार. मामावर गेलेलं. तितनं त्येला विलायतेत डाक्टरी शिकायला बोलावणं आलं, स्कॉटलंडात, एडिंबरो म्हणून गाव हाय तितं. मी निपाणीच्या पेठेत पेढं वाटलं. संकेश्वरच्या बाजारात, चिकोडीच्या बाजारात, जिथं म्हणून तंबाखू घ्यायला गेलो तिथं सांगितलं. काही लोकांची तोंडं कारल्यासारखी झाली. बरं वाटलं मला.

आणि सन छत्तीसच्या पावसाळ्यात पत्र आलं. पोराच्या छातीत पाणी झालंय. डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवलंय. जीव वाचंल म्हणतात, पर लई दिस पडून राहायला लागणार, आणि तोवर बोटीत चढायचं न्हाय.

पत्र मीच वाचून दाखवलं. मालू तांदूळ निवडत हुती. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "आण्णा, मी जातो."

आमच्या मुलखात बायका बी 'जातो', 'आलो' असंच म्हणत्यात.

"कुठं जातीस?"

"बाबाकडं."

"अगं, समुद्रापल्याड हाय त्ये! मच्छ्याहून बेळगावला जाताना तुला गाडी लागती."

"मंग लागंल. ओकंन आणि जाईन. पोरगं परमुलखात उताणं पडलंय आणि मी हितं खडं निवडत बसू व्हय?"

पैक्याचं मी बोलत न्हाय, त्ये माझ्याकडं लागलं. सोबत बी मिळाली. बेळगावात ठळकवाडीला रघुवीर वकील म्हणून एक, आमच्या वखारीची कामं बघायचे. त्यांची लेक लतिका त्याच बोटीनं विलायतेला शिकायला निघाली हुती. वकील म्हणाले, "आण्णाप्पा, लतिका नेईल तुमच्या बहिणीला. पण पासपोर्ट लागतो. सरकारी परवान्याचं पुस्तक."

"काढा की मग."

"तसं नाही. एकटी बाई, लिहिता येत नाही, इतक्या लांब निघाली, म्हणजे साहेब समोर बोलावून विचारपूस करणार. हल्ली काय होतं, लोक मुलं सांभाळायला म्हणून इथली बाई बोटीवर नेतात, तिला आया म्हणतात, आणि तिकडं पोचलं की वाऱ्यावर सोडून देतात. खोटं नातं सांगून नेतात. म्हणून साहेब बाईलाच एकटीला विचारतो. वकील चालत नाही, भाऊ चालत नाही."

मी म्हटलं, "त्यात काय? खरं हाय त्ये सांगंल ती."

वकील हसले. शिकलेली माणसं असं हसत्यात तवा समजावं, काहीतरी घाण पुढं येणार हाय.

"नुसतं खरं असून भागत नाही, आण्णाप्पा. खरं दिसावं लागतं. आमची मंडळी करतील तयार त्यांना."

त्यांची मंडळी म्हंजे सरोजिनीबाई. नाकात बोलायची बाई. मालू रोज मच्छ्याहून चालत यायची, चिखलानं पिंढऱ्यापतुर भरलेली. मी वखार मुनिमावर टाकून बेळगावातच मुक्काम ठोकला हुता. सोप्यात बसून हे सगळं मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

पैल्या दिवशी सरोजिनीबाईनं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि दोन पावलं मागं सरली. "शी! मशेरी लावता तुम्ही? साहेबापुढं हे काळे दात घेऊन जाणार?"

मी बोललो. "बाई, ती मशेरी माझ्या वखारीतल्या पानाची हाय. हिच्यासारखं पान इंग्रजाच्या बापानं ओढलेलं नसंल."

"तुम्ही मध्ये बोलू नका हो," वकील म्हणाले.

मशेरी बंद झाली. दाताला खडू घासला. मंग खुर्चीवर बसायचं. मालूला खुर्चीवर बसलं की पाय लोंबकळल्यासारखं वाटायचं. ती अंग चोरून कडेला टेकायची, सरोजिनीबाई मागनं खांदं धरून मागं ओढायची. मंग पायात बूट. लतिकाचे जुने. ज्या पायांनी तिनं एवढं रान तुडवलं, त्या पायांना मेलेल्या जनावराच्या कातड्याच्या डब्यात कोंबलं. टाचा सोलल्या. मंग सुरी-काटा. बटाटं उकडून पुढं ठेवलं आणि म्हणाल्या, "हात न लावता खा."

मालू म्हणाली, "हात न लावता मांजार खातंय, बाई."

लतिका फस्सकन हसली. ती पोरगी तेवढी बरी हुती.

"आणि 'मी जातो' काय म्हणता सारखं? बाईमाणसानं 'जाते' म्हणावं."

"जाते," मालू म्हणाली. मंग माझ्याकडं बघून हळूच, "आण्णा, हे दुसरीच कुणीतरी चाललीया असं वाटतंय."

एका दिवशी मात्र कळस झाला. मला सोप्यातनं बाहेर जायला सांगितलं, बायकांचं बोलणं हाय म्हणून. दार लोटलं. थोड्या वेळानं मालू बाहेर आली ती पांढरीफटक.

"काय झालं गं?"

"आण्णा, तितं परसाकडला पाणी नसतंय म्हण."

"मंग?"

"कागद असतोय."

मला आधी कळलंच न्हाय. कळलं तवा मी ताडकन उठलो. कागद! ज्याला चुकून पाय लागला तर आमी हात जोडतो, त्यो! आणि असल्या लोकांपुढं माझ्या बहिणीनं सोच्छ दिसायला पायजे, तिच्या मशेरीची ह्यांना शी वाटती! मी वकिलाच्या अंगणात जाऊन थुकलो. खरंच थुकलो. त्यांच्या तुळशीपासनं लांब.

"चल मच्छ्याला," मी म्हटलं. "नको असली विलायत."

ती म्हणाली, "तांब्या घिऊन जातो की माझा. त्यात काय." आणि परत आत गेली.

संध्याकाळी वकील स्वतः साहेब व्हायचे. टेबलापलीकडं बसायचे, चष्म्यावरनं बघायचे. "मष्णूची विधवा ना तू?" "व्हय." "हो म्हणा." "हो." "कुणाकडे चाललीस?" "माझ्या मुलाकडे." "तो काय करतो?" "डाक्टरी शिकतो." "परत येणार का?" "भाताला येणार." "तसं नाही, परत येणार म्हणा फक्त." हे असं रोज. बादशहाचं नाव पाठ केलं, बोटीचं नाव पाठ केलं, दवाखान्याच्या डोंगराचं नाव, ते तर कुत्र्यानं हाड चावल्यासारखं हुतं, ते बी पाठ केलं. जिभेला फोड यील असली इंग्रजी नावं तिनं भात सडताना म्हणून म्हणून बसवली. शेवटी वकील म्हणाले, "पास! साहेब काहीही विचारू दे."

मला अभिमान वाटला. आमच्या घरात डोकं हायच. नुसतं वापरायची येळ यावी लागती.

ठरल्या दिवशी तिला कचेरीत नेलं. इस्तरीचं लुगडं, पायात ते बूट, डोईवर पदर. दारावर पट्टेवाला. मला आणि वकिलांना बाहेरच्या चिंचेखाली थांबवलं. मालू एकटी आत गेली. आत काय झालं ते तिनं मला अक्षर अन् अक्षर सांगितलंय, आणि तिला खोटं येत न्हाय.

मोठी खोली. वर पंखा. टेबलामागं गोरा साहेब, लालबुंद, घामेजलेला. त्याला चांगला म्हणा, वाईट म्हणा, त्याला आमची भाषा येत नव्हती, म्हणून शेजारी कारकून बसवला हुता. आपल्याच मुलखातला. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. साहेब इंग्रजीत इचारायचा, कारकून मराठीत सांगायचा, आणि मालूचं उत्तर परत इंग्रजीत करायचा. ती खुर्चीवर बसली, बरोबर, मागं टेकून.

कारकुनानं कागदावरनं वाचलं, "मष्णूची विधवा?"

"हो."

"मच्छ्याची?"

"हो."

"कुणाकडं निघालीस?"

"माझ्या मुलाकडे."

सगळं रघुवीर वकिलानं शिकवलं तसंच चाललं हुतं. साहेब बी मान हलवायला लागला. मंग त्यानं कागद पालथा घातला आणि काहीतरी इचारलं. कारकून म्हणाला, "मुलाचं नाव काय?"

आणि मालूची वाचा बसली.

तुमी म्हणाल, ह्यात बसायसारखं काय? तर बगा. आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत न्हाय. जित्याचं न्हाय, मेलेल्याचं न्हाय. त्या नावाचा देव असला तर देवाचं बी घेत न्हाय, 'थोरला देव' म्हणती. आणि सासऱ्याचंच नाव पोराला ठेवलं की पोराचं बी घेत न्हाय. जल्मापासनं मालूच्या तोंडातनं त्या पोराचं नाव कधी निघालंच न्हाय. आमच्या घरात हे इतकं अंगवळणी पडलेलं की कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय. वकिलाच्या न्हाय, सरोजिनीबाईच्या न्हाय. रोजच्या रोज समदं घोकून घेतलं, कागदाची घाण शिकवली, पर आईला पोराचं नाव इचारतील हे कुणाच्या डोसक्यात आलं न्हाय. आईला पोराचं नाव यायचंच, ह्यात शिकवायचं काय?

"बाबा," मालू म्हणाली.

"बाबा काय? नाव. पटावरचं."

"तुमच्या कागदावर लिवलेलं असंल की."

"कागदावरचं आम्हाला दिसतंय. तू सांग."

ती म्हणाली, "आमच्या गावदेवाचं नाव हाय. थोरल्या देवाचं. माझ्या मामंजीचं नाव हाय त्ये, म्हणून मला घ्यायचं न्हाय. बाहेर माझा भाऊ हाय चिंचेखाली, त्यो सांगंल. त्येला हाक मारा."

एवढं ती बोलली. आणि कारकुनानं साहेबाकडं वळून ते दोन शब्दांत संपवलं. मालूला इंग्रजी कळत न्हाय, पर लांब बोलणं आणि तोकडं बोलणं कळतं की न्हाय? तिनं मूठभर सांगितलं, त्यानं चिमूटभर बी पोचवलं न्हाय. वर खांदं उडवले. साहेबाचं तोंड फिरलं. त्यानं पुढं सरून तिच्या बुटाकडं बघितलं, मंग तिच्या हाताकडं, चिखलानं भेगाळलेल्या, आणि काहीतरी बोलला.

कारकून दात काढून म्हणाला, "साहेब म्हणतात, ही आई हाय का कुणाची आया? पढवून आणलीय, बूट बी मागून आणल्यात. आईला लेकराचं नाव येत न्हाय असं कुठं असतंय?"

मालूनं मला सांगितलं, "आण्णा, त्येच्या कपाळाला गंध हुतं रं. त्येला ठावं हुतं. त्येच्या घरात बी हेच असणार. त्येनं साहेबाला सांगितलं न्हाय."

उद्या सकाळी ये, नाव आठवलं तर, न्हायतर कागद फाडणार, म्हणून तिला बाहेर काढली.

ती चिंचेखाली आली. पैल्यांदा तिनं बूट काढले. मंग सगळं सांगितलं. वकिलांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! एक नाव!"

मी त्या कारकुनाची वाट बघत बसलो. दुपारी त्यो सुपारी कातरत बाहेर आला. मी आडवा झालो.

"काय रं, तुझी बायको तुझ्या बापाचं नाव घेती काय?"

त्यानं सुपारी तोंडात टाकली. सावकाश चघळली. "न्हाय घेत."

"मंग साहेबाला का सांगितलं न्हाईस?"

"माझी बायको विलायतेला जात न्हाय," त्यो म्हणाला. "घरात बसायचं असंल तर घरातल्या रीती पाळा. बोटीत बसायचं असंल तर तोंड उघडा. दोनी कसं मिळंल?"

त्येच्या तोंडातनं ती लाल लाळ गळत हुती. मला वाटलं, उचलावा आणि चिंचेला घासावा. ह्या हातांनी तंबाखूचे बोद, मोठाले गठ्ठे, मी एकट्यानं फेकल्यात, तो काय माझ्यापुढं! पर वकिलांनी हात धरला. मालूनं बी बघितलं माझ्याकडं. मला त्या माणसाची जी किळस आली, तशी गटारात मेलेल्या घुशीची बी आलेली न्हाय. घूस निदान आपल्या जातीवर उलटत न्हाय.

संध्याकाळी ठळकवाडीला सरोजिनीबाई ऐकून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यातनं पाणी. "अहो, एवढंच ना? सांगून टाकायचं! देव काय जीभ झडवतो?"

वकील म्हणाले, "मालुबाई, एक शब्द आहे. एक शब्द म्हणून टाका आणि जा मुलाकडे."

मालू भुईवर बसली हुती, खुर्ची सोडून. म्हणाली, "तुमच्यासाठी शब्द हाय, वकीलसाहेब. मला मामंजी हाईत त्ये. त्यांनी माझी करपकी भाकरी खाल्लीया."

कुणाला काय कळलं न्हाय. भाकरीचं मधेच कुठनं आलं, म्हणून सरोजिनीबाई वकिलांकडं बघाय लागल्या. आणि मला त्या घराचा, त्या सोप्याचा, त्या खुर्च्यांचा, सगळ्याचाच वीट आला. मी उठलो.

"मालू, ऊठ. चल मच्छ्याला. आमच्या घराण्यात असल्यांच्या दारात कुणी नाक घासलं न्हाय. पोराला मी तार करतो, पैकं धाडतो, चांगला डाक्टर लाव म्हणतो. साहेबाच्या आणि त्या कारकुनाच्या नावानं आंघोळ कर आणि चल."

ती उठली न्हाय.

"आण्णा, तुझं बरोबर हाय," म्हणाली. "पर तू तार करशील, पैकं धाडशील. त्येच्या उशाला कोण बसंल?"

मी परत खाली बसलो.

"त्यो कारकून जिंकंल गं," मी म्हटलं शेवटी.

"जिंकू दे. त्येला काय मिळणार हाय? एक नाव. मला पोरगं मिळंल." मंग म्हणाली, "मला बी वंगाळ वाटतंय रं. मामंजीचं नाव त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन टाकल्यासारखं. पर मामंजी असते तर म्हणाले असते, घे गं पोरी, मी जळकं खातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वकिलाच्या विहिरीवर आंघोळ करून निघाली. बूट तिथंच ठेवले. लुगडं बी आपलंच नेसली, नेहमीचं. मशेरी मात्र लावली न्हाय. मी चिंचेखाली उभा राहिलो. ती अनवाणी आत गेली.

खुर्चीवर बसली न्हाय. साहेबानं बस म्हणून हात केला, तरी उभीच. कारकून खाली मान घालून कागद चाळत म्हणाला, "हां, आठवलं का मुलाचं नाव?"

मालूनं पदर डोईवर ओढला, कपाळाच्या खालीपतुर. हात जोडले. साहेबाला न्हवं. भिंतीकडं बघून जोडले, आणि म्हणाली, "रवळनाथ."

साहेबाला नीट ऐकू गेलं न्हाय. त्यानं कान पुढं केला. कारकून म्हणाला, "मोठ्यानं सांग."

"रवळनाथ."

साहेबानं तोंडातल्या तोंडात ते मोडूनतोडून म्हणून बघितलं, कागदाशी पडताळलं, जुळंना. त्यानं परत इचारलं. कारकून म्हणाला, "आणि एकदा. सावकाश."

तवा मालूनं त्या कारकुनाच्या तोंडाकडं बघितलं आणि त्येच्याकडं बघतच, सावकाश, एक एक अक्षर सुटं करून सांगितलं. साहेबानं मान हलवली, शिक्का मारला, सही केली, आणि कारकुनाला काहीतरी इचारलं. काल का सांगितलं न्हाय, असंच इचारलं असणार. कारकुनानं त्ये बी एका शब्दात उरकलं. मंग मालूला मराठीत म्हणाला, "जा. पुस्तक मुंबईहून यील."

ती बाहेर आली. माझ्याकडं आली न्हाय. कचेरीच्या मागं विहीर हाय, तितं बायका पाणी भरत हुत्या, तिकडं गेली. एकीनं घागर वाकडी केली. मालूनं ओंजळ धरली, चूळ भरली, थुकली. परत भरली, परत थुकली. बायका बघत राहिल्या.

घागरवाली म्हणाली, "काय गं आक्का, कडू लागलं व्हय काय?"

"व्हय बाई," मालू म्हणाली, पदरानं तोंड पुसत. "लई कडू. पर जायला मिळालं."